जुन्या गाड्या मोडायला पैसे देऊन मंदीत विक्री खरंच वाढते का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गाड्यांची विक्री जरा थंडावली, डीलरच्या यार्डात स्टॉक साचायला लागला की एक मागणी हमखास पुढे येते. सरकारने जुनी गाडी भंगारात देणाऱ्याला नवीन गाडीवर घसघशीत सूट द्यावी, म्हणजे लोक शोरूममध्ये येतील, कारखाने चालतील आणि रोजगार वाचेल. ऐकायला बरोबर वाटतं, टीव्हीवर बोलणारेही असंच सांगतात. मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या प्रेस शॉपमध्ये बरीच वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतोय, आम्ही ब्रॅकेट, क्लॅम्प असले बारीकसारीक पार्ट मोठ्या व्हेंडरला देतो आणि तो पुढे कार कंपनीला देतो, म्हणजे गाडी खपली तर आमच्याकडे शेड्यूल म्हणजे पुढच्या महिन्याची ऑर्डर येते, नाही खपली तर मशीन बंद, त्यामुळे अशी स्कीम यावी असं खरं तर सगळ्यात आधी आम्हालाच वाटायला पाहिजे. तरीही माझं स्पष्ट मत आहे की मंदीत विक्री वाढवायचा उपाय म्हणून ही स्कीम आणू नये. का ते सविस्तर लिहितोय, पत्र लांबेल, जागेप्रमाणे कमी करा पण आकडे तेवढे ठेवा ही विनंती.

सगळ्यात मोठं आणि सगळ्यात नीट तपासलं गेलेलं उदाहरण अमेरिकेचं आहे. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली, बँकांनी हात आखडता घेतला, आणि २००७ मध्ये तिथे वर्षाला १ कोटी ६० लाखांच्या आसपास गाड्या खपायच्या तो आकडा २००९ मध्ये १ कोटी ४ लाखांवर आला. क्रायसलरने एप्रिल २००९ अखेरीस आणि जनरल मोटर्सने १ जूनला दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या परिस्थितीत ओबामा सरकारने जी स्कीम काढली तिला लोक 'कॅश फॉर क्लंकर्स' म्हणायचे, क्लंकर म्हणजे आपल्याकडे खटारा म्हणतात तसली गाडी. २५ वर्षांपेक्षा कमी वयाची, गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी म्हणजे आपल्या हिशोबात लिटरला साधारण साडेसात किलोमीटर देणारी, चालू स्थितीतली आणि वर्षभर त्याच मालकाच्या नावावर असलेली गाडी द्यायची आणि जास्त मायलेजची नवीन गाडी घ्यायची, त्यावर ३,५०० किंवा ४,५०० डॉलर सूट.

लोक तुटून पडले. २४ जुलैला क्लेम घ्यायला सुरुवात झाली आणि पहिले १०० कोटी डॉलर आठवड्याभरातच संपायला आले, मग तिथल्या संसदेने घाईघाईने आणखी २०० कोटी मंजूर केले, तेही संपत आले आणि २४ ऑगस्टला स्कीम बंद करावी लागली. महिन्याभरात ६ लाख ७७ हजारांच्या आसपास गाड्या बदलल्या गेल्या. जमा झालेल्या गाडीचं इंजिन परत कुणी वापरू नये म्हणून त्यातलं ऑइल काढून सोडियम सिलिकेटचं पाणी भरायचं आणि इंजिन चालू ठेवायचं, थोड्या वेळात ते आतून जाम होऊन कायमचं बंद पडायचं. आणि लक्षात घ्या की गाडी चालू असायला पाहिजे ही स्कीमची अटच होती, म्हणजे बंद पडलेला सांगाडा आणून चालत नव्हतं, चांगली चालणारी इंजिनं सरकारी पैशाने मारली गेली. आयुष्यभर लोखंडावर काम करणाऱ्या माणसाला हे वाचताना त्रास होतो, पण तो मुद्दा बाजूला ठेवू, मूळ प्रश्न विक्रीचा आहे.

ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेतली विक्री अशी उसळली की तोच वेग वर्षभर राहिला असता तर १ कोटी ४० लाख गाड्या खपल्या असत्या. सगळीकडे हेडलाइन आल्या, स्कीम हिट झाली म्हणून. सप्टेंबरमध्ये तोच वेग ९२ लाखांच्या आसपास आला! एका महिन्यात. तेव्हा कौतुक करणाऱ्यांपैकी किती जणांनी हा दुसरा आकडा सांगितला?

पुढे आतिफ मियाँ आणि अमीर सूफी या दोन अर्थतज्ज्ञांनी याचा फार चांगला अभ्यास केला. त्यांनी बघितलं की काही शहरांत अशा जुन्या, कमी मायलेजच्या गाड्या खूप होत्या आणि काही शहरांत कमी होत्या, म्हणजे एका ठिकाणी स्कीमचा जोर जास्त बसणार आणि दुसऱ्या ठिकाणी कमी, मग दोन्हीकडची विक्री महिन्यामहिन्याने ताडून बघितली तर स्कीममुळे खरा किती फरक पडला ते वेगळं काढता येतं. त्यांना असं दिसलं की जुलै-ऑगस्टमध्ये स्कीममुळे साधारण ३ लाख ७० हजार गाड्या जास्त खपल्या, म्हणजे बाकीचे जवळजवळ ३ लाख लोक त्याच दोन महिन्यांत तशीही गाडी घेणारच होते, त्यांना फुकटची सूट मिळाली. आणि ज्या ३ लाख ७० हजार जास्तीच्या होत्या त्याही मार्च २०१० पर्यंत जवळजवळ सगळ्या फिटल्या, कारण जिथे आधी जास्त खप झाला होता तिथेच पुढच्या महिन्यांत तेवढाच कमी झाला. ज्या शहरांत स्कीमचा जोर जास्त होता तिथे नोकऱ्या जास्त वाचल्या असंही त्यांना आढळलं नाही. जवळजवळ ३०० कोटी डॉलर खर्च करून.

आमच्या शॉपमधला कुठलाही कामगार हे एका मिनिटात समजू शकतो कारण त्याला उचल माहीत आहे. गणपतीला उचल घेतली की हातात पैसा दिसतो पण वर्षाचा पगार वाढलेला नसतो, पुढच्या दोन-तीन पगारांतून तो कापलाच जातो. या स्कीममध्ये कारखाना स्वतःच्याच पुढच्या महिन्यांच्या विक्रीतून उचल घेतो आणि त्याचं व्याज सरकार म्हणजे आपण सगळे भरतो.

यावर एक उत्तर दिलं जातं आणि ते ऐकून घेण्यासारखं आहे. ते म्हणतात की ठीक आहे, पुढची विक्री आधी ओढली असेल, पण मंदीच्या खड्ड्यात असताना चांगल्या दिवसांची विक्री आत्ता ओढून आणली तर त्यात वाईट काय, पुढे बाजार सुधारला की ती घट जाणवणारही नाही. तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण अमेरिकेत ओढलेली विक्री कुठल्या महिन्यांतली होती ते बघा, सप्टेंबर २००९ ते मार्च २०१० मधली, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तिथे बेरोजगारी १० टक्क्यांवर होती, त्या सगळ्या मंदीतली सर्वात जास्त. म्हणजे चांगल्या दिवसांतून काही आणलंच नाही, एका वाईट महिन्यातलं काढून दुसऱ्या वाईट महिन्यात टाकलं. खटारा गाडी चालवणारा माणूस ती फार तर सात-आठ महिन्यांत बदलणारच असतो, त्याची खरेदी आपण तीन वर्षं आधी ओढू शकत नाही, तेवढी लांब उडी मारायला भाग पाडेल एवढी सूट कुठलंच सरकार देऊ शकत नाही.

टेक्सास राज्यातल्या गाड्यांच्या नोंदी घेऊन झालेला आणखी एक अभ्यास आहे, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी अटीच्या अगदी काठावरची घरं घेतली, म्हणजे ज्यांची जुनी गाडी १८ मैल देते ते स्कीममध्ये बसले आणि ज्यांची १९ मैल देते ते नाही बसले, बाकी दोघं सारखीच माणसं. पुढचे काही महिने मिळून बघितलं तर दोघांनी सारख्याच संख्येने नवीन गाड्या घेतल्या, वर आलेलं पुढच्या सात-नऊ महिन्यांत पूर्ण खाली गेलं होतं. पण स्कीममधल्या लोकांनी मायलेजच्या अटीमुळे छोट्या आणि स्वस्त गाड्या घेतल्या, त्यामुळे उद्योगाच्या हातात येणारा एकूण पैसा उलट कमी झाला. म्हणजे जी स्कीम उद्योगाला वाचवायला आणली तिने उद्योगाचा गल्ला कमी केला! प्रदूषण पण कमी करायचं आणि विक्री पण वाढवायची अशी दोन कामं एकाच सूटीवर टाकली की काय होतं त्याचं हे उदाहरण आहे. स्कीममध्ये सर्वात जास्त विकली गेलेली गाडी टोयोटा कोरोला होती आणि सर्वात जास्त मोडीत गेलेल्यांत फोर्ड एक्सप्लोरर होती, यावरून लोक कुठून कुठे गेले ते कळतं.

आता कुणी म्हणेल जर्मनीचं काय, तिथे तर यशस्वी झाली. जर्मनीचं उदाहरण खरंच वेगळं आहे आणि मी ते लपवणार नाही. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी नऊ वर्षांपेक्षा जुनी गाडी मोडली तर २,५०० युरो जाहीर केले, आधी दीडशे कोटी युरोची तरतूद होती ती वाढवत ५०० कोटी केली, सप्टेंबरच्या सुरुवातीला पैसे संपले तोपर्यंत जवळजवळ २० लाख गाड्या झाल्या होत्या. २००८ मध्ये तिथे ३१ लाखांच्या आसपास नवीन गाड्यांची नोंदणी झाली होती, २००९ मध्ये ३८ लाख झाली, भर मंदीत २३ टक्के वाढ, आणि २०१० मध्ये २९ लाखांवर उतरली. उतरली हे खरं, पण दोन वर्षं मिळून बघितलं तर सगळंच फिटलं असं म्हणता येणार नाही, काही खरी वाढ तिथे झाली. कारण रक्कम मोठी होती, छोट्या गाडीच्या किमतीच्या पाव भागापर्यंत जाणारी, अटी सोप्या होत्या आणि स्कीम आठ महिने चालली.

पण हिशोब करा. २००८ पेक्षा ७ लाख गाड्या जास्त खपल्या आणि त्यासाठी ५०० कोटी युरो गेले, म्हणजे जास्तीच्या एका गाडीमागे साधारण ७ हजार युरो सरकारने घातले. कागदावर सूट २,५०० ची आणि खरा खर्च त्याच्या जवळजवळ तिप्पट, कारण बहुतेक सूट अशांनाच मिळाली जे तसंही घेणार होते. मंदीत स्कीमशिवाय विक्री २००८ पेक्षा खाली गेली असती असं धरलं तर हा आकडा कमी होईल हे मान्य, आणि २०१० ची घट त्यात धरली तर परत वाढेल हेही तेवढंच खरं.

आणि ते पैसे गेले कुठे? २,५०० युरो सरसकट असल्यामुळे लोकांनी छोट्या गाड्या घेतल्या, मर्सिडीज-बीएमडब्ल्यूला त्याचा फारसा उपयोग नव्हता. ह्युंदाईच्या आय-१० आणि आय-२० चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरला बनून जहाजाने युरोपात जायच्या, मारुतीची ए-स्टार मानेसरला बनून तिकडे सुझुकी अल्टो म्हणून विकली जायची, आणि २००९ मध्ये जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, इटली सगळीकडे या मोडीच्या स्कीम चालू असताना आपल्याकडून होणारी छोट्या गाड्यांची निर्यात जोरात होती. म्हणजे जर्मन करदात्याच्या पैशाने तमिळनाडू-हरियाणातल्या कामगाराला ओटी म्हणजे ओव्हरटाइम मिळाला, चांगलं झालं, आपल्या माणसांना काम मिळालं, पण जर्मन सरकारने ते त्यासाठी नक्कीच काढलं नव्हतं. वर मोडीत द्यायच्या गाड्या प्रत्यक्षात न मोडता परस्पर दुसऱ्या देशांत विकल्या जातात अशा तक्रारीही तिथे झाल्या.

फ्रान्सने तर हा धडा १५ वर्षं आधीच घेतला होता. पंतप्रधान बलादूर यांनी १९९४ ला दहा वर्षांवरच्या गाडीला ५ हजार फ्रँक दिले, ती स्कीम संपल्यावर विक्री पडायला लागली म्हणून नंतरचे पंतप्रधान जुप्पे यांनी लगेच दुसरी आणली, ती सप्टेंबर १९९६ ला संपली आणि १९९७ ला बाजार जोरात आपटला. एकदा सवय लागली की ग्राहक पुढच्या सूटीची वाट बघत बसतो.

आपल्याकडे काय? आपण हे सगळं दुचाकीच्या बाबतीत स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. मार्च २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने १ एप्रिलपासून बीएस-३ म्हणजे जुन्या प्रदूषण निकषाच्या गाड्या विकायला बंदी केली तेव्हा देशभर ८ लाखांच्या वर गाड्या स्टॉकमध्ये होत्या, कंपन्यांनी हजारो रुपयांची सूट लावली आणि शेवटच्या दोन दिवसांत शोरूमसमोर रात्रीपर्यंत रांगा लागल्या. रांगेतल्या त्या सगळ्यांना दोन दिवसांपूर्वी गाडी नको होती आणि अचानक हवीशी झाली असं थोडंच आहे. ज्याला मे मध्ये, दसऱ्याला घ्यायची होती त्याने मार्चमध्ये घेतली. तारीख असलेली सूट लोकांची तारीख बदलते, गरज नाही.

उलटं पण बघितलंय. १५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी जीएसटी कमी होणार म्हणून सांगितलं आणि २२ सप्टेंबरला नवे दर लागू होईपर्यंत लोकांनी बुकिंग रोखून धरलं, डीलरच्या यार्डात गाड्या उभ्या आणि ग्राहक म्हणतो साहेब थोडं थांबतो. दर लागू झाल्यावर नवरात्र-दिवाळीला डिलिव्हरीसाठी वेटिंग. फरक एवढाच की ती सूट कायमची आहे, छोटी गाडी आता १८ टक्क्यांत बसते आणि पुढच्या वर्षीही बसेल, त्यामुळे तिथे एखाद्या तारखेनंतर कडेलोट होण्याचं कारण नाही.

आता ज्या माणसासाठी ही स्कीम आहे असं सांगतात त्याच्याकडे बघू. आपल्याकडे पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी कोण चालवतो? शाळेची व्हॅन चालवणारा, भाजी मार्केटला टेम्पो नेणारा, तालुक्याच्या गावचा एखादा दुकानदार किंवा रिटायर्ड शिक्षक. पुण्यात पहिल्या मालकाने आठ वर्षं वापरली, मग ती अहिल्यानगरला गेली, मग कुठल्या तरी तालुक्याला तिसऱ्या मालकाकडे. हा तिसरा मालक जुनी गाडी देऊन काय करेल, तर जरा कमी जुनी, सहा-सात वर्षांची गाडी घेईल, तो शोरूममध्ये सहा लाखांची नवीन गाडी घ्यायला जात नाही, आणि मंदीत तर अजिबात नाही, कारण मंदीत त्याचंच उत्पन्न आधी पडतं. बँकही त्याला लोन देताना दहा वेळा विचार करते. मंदीत नवीन गाडी तोच घेतो ज्याची नोकरी पक्की आहे, आणि त्याला सरकारी पैशाची गरज नसते.

२०२१ च्या आपल्या स्क्रॅपिंग धोरणात आकडे काय आहेत तेही सांगतो. भंगाराची किंमत म्हणून नवीन गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के, म्हणजे सहा लाखांच्या गाडीवर २४ ते ३६ हजार. खाजगी गाडीला रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट राज्यांनी द्यावी, नवीन नोंदणीची फी माफ. ऑगस्ट २०२४ मध्ये गडकरी साहेबांबरोबरच्या बैठकीनंतर कार कंपन्यांनी कबूल केलेली सूट होती दीड टक्का किंवा २० हजार, जे कमी असेल ते, म्हणजे त्याच सहा लाखांच्या गाडीवर ९ हजार. चालू स्थितीतली जुनी गाडी तालुक्याच्या बाजारात बऱ्याचदा याहून जास्त पैशाला जाते, मग माणूस ती सरकारमान्य स्क्रॅप सेंटरला कशाला नेईल? आणि सरकारने ही रक्कम जर्मनीसारखी मोठी केली तर दुसरीच अडचण. चालणाऱ्या हजारो गाड्या बाजारातून गेल्या की सेकंड हँड गाडी महागणार, आणि त्याचा फटका ज्याला नवीन कधीच परवडणार नाही त्यालाच बसणार. ज्याच्याकडे गाडीच नाही अशा माणसाच्या टॅक्समधून नवीन गाडीवाल्याला सूट द्यायची आणि ज्याला जुनी घ्यायची होती त्याचीही वाट महाग करायची, हे मला पटत नाही.

मी स्क्रॅपिंगच्या विरोधात नाही, हे नीट समजून घ्या. ब्रेक लागत नसलेला, काळा धूर ओकणारा ट्रक रस्त्यावर नकोच, त्यासाठी फिटनेस टेस्ट मशीनवर व्हावी, त्यात नापास झालेली गाडी मोडीत जावी, सरकारने १५ वर्षांवरच्या स्वतःच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून बाद करायला घेतल्या ते योग्यच केलं. पण हे काम वर्षानुवर्षं सावकाश, एकसारखं चालायला पाहिजे. विक्रीचा ग्राफ पडला म्हणून दोन महिन्यांचा धमाका करायचा आणि पैसे संपले की बंद, याने प्रदूषण नीट कमी होत नाही आणि कारखानाही नीट चालत नाही.

कारखाना कसा चालतो ते मला माहीत आहे म्हणून इथे जरा थांबतो. शेड्यूल अचानक दीडपट झालं की काय होतं? पर्मनंट माणसं वाढत नाहीत, कुठलाही मालक दोन महिन्यांच्या ऑर्डरवर कुणाला कायम करत नाही. कॉन्ट्रॅक्टरकडून विदर्भ-मराठवाड्यातली पोरं आणली जातात, चाकण-भोसरीत एका खोलीत सहा-सात जण राहतात, तिसरी शिफ्ट सुरू होते, स्टीलची कॉइल जास्त दराने उधारीवर उचलली जाते, डायला मेंटेनन्सला वेळ मिळत नाही, घाईत रिजेक्शन वाढतं आणि प्रेसवर घाई म्हणजे बोटं जायची भीती, हे मी हौसेने लिहीत नाहीये. मग शेड्यूल कापलं जातं. ईमेल येतो की पुढच्या महिन्याचं रिवाइज केलंय. त्या पोरांना ब्रेक मिळतो, ती गावी परततात, आणि छोटा मालक उरलेल्या कॉइलचं आणि बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज भरत बसतो. कार कंपनीला चढउतार झेपतो, तिच्याकडे निर्यात आहे, रिझर्व्ह आहे, ती ब्लॉक क्लोजर घेऊन चार दिवस प्लांट बंद ठेवते. खालच्या थरातल्या व्हेंडरला झेपत नाही. २०१९ ला हे आपल्या भागात सगळ्यांनी अनुभवलं, त्या वर्षी ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त पडली होती. आम्हाला जास्तीचं शेड्यूल दोन महिने नको, जरा कमी असलं तरी वर्षभर टिकणारं पाहिजे.

मग मंदीत सरकारने काय करावं? त्याच २००८-०९ च्या मंदीत आपल्या देशाने काय केलं ते बघितलं तर उत्तर मिळतं, आणि त्यात मोडीची सूट कुठेच नव्हती. डिसेंबर २००८ मध्ये एक्साइज ड्युटी ४ टक्क्यांनी कमी केली, म्हणजे कुणालाही जुनी गाडी असो नसो फायदा. रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, ऑक्टोबर २००८ पासून सहा-सात महिन्यांत ९ टक्क्यांवरून पावणेपाचवर आणला, त्यामुळे लोन स्वस्त झालं. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या हातात दोन हप्त्यांत आली, खरा पैसा, ज्याला नोकरी जायची भीती नाही अशांच्या हातात. आणि जानेवारी २००९ च्या पॅकेजमध्ये राज्यांना शहर बस घ्यायला जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेतून पैसे दिले, पुढे १५ हजारांवर बस मंजूर झाल्या. २००८-०९ मध्ये देशात साडेपंधरा लाख प्रवासी गाड्या खपल्या होत्या, २००९-१० मध्ये साडेएकोणीस लाख, २५ टक्के वाढ, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही विक्री पडली नाही, वाढलीच. सगळं श्रेय या उपायांनाच असं मी म्हणणार नाही, आपली अर्थव्यवस्था तेव्हा मुळातच अमेरिकेएवढी बसली नव्हती. पण जर्मनीतली २३ टक्के वाढ पुढच्या वर्षी गेली आणि आपली २५ टक्के टिकली हे तर आकड्यांत आहे.

त्यातला बसचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सरकार जेव्हा स्वतः बस घेतं तेव्हा ती खरेदी जास्तीची असते, पुढच्या महिन्यात कुणीतरी तशीही घेणार होतं असं तिथे नसतं, सूट कुणाला गेली हा प्रश्न नसतो, आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्यालाही त्यात बसता येतं. बसची ऑर्डर महिने-महिने चालते, त्यात आमच्यासारख्या प्रेस शॉपलाही सीटची ब्रॅकेट, पॅनेलचे क्लिप असं काम मिळतं. आपल्या एसटीच्या कित्येक गाड्यांची अवस्था वाचकांना सांगायची गरज नाही, पावसाळ्यात छत गळतं आणि घाटात बंद पडते. पुढच्या मंदीत वाहन उद्योगाला मदत म्हणून जो पैसा काढायचा तो तिथे घाला, जुन्या एसटी मोडा आणि नवीन घ्या, मोडही होईल आणि विक्रीही होईल, शिवाय ओढून आणलेली नाही तर खरी.

तरीही कुणाच्या आग्रहाने सरकारने गाड्यांसाठी मोडीची सूट आणलीच तर माझ्या दोन मागण्या आहेत. एक, स्कीम संपल्यावर पुढचे बारा महिने विक्रीचे आकडे महिन्यागणिक, स्कीमच्या आधीच्या वर्षाशेजारी ठेवून सरकारने जाहीर करावेत, आणि आपल्यासारख्या वर्तमानपत्रांनी ते पहिल्या महिन्याच्या उसळीएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावेत. दोन, ज्या कंपन्यांना या पैशाचा फायदा होईल त्यांनी आपल्या व्हेंडरना निदान सहा महिन्यांचं पक्कं शेड्यूल लेखी द्यावं आणि त्यात मध्येच कपात केली तर उचललेल्या मालाचे पैसे भरावेत. मागणी करणाऱ्या संघटनांनी या दोन अटी मान्य आहेत का ते आधी सांगावं.

आपला नम्र,
एक वाचक
भोसरी, पुणे